घरी नेता न येणारं वाद्य: कॉलेजात कंडक्टिंग कसं शिकतात

व्हायोलिन शिकणारी मुलगी वर्ग संपला की व्हायोलिन पेटीत घालून घरी नेते. एखादी ओळ अडली तर रात्री अकरा वाजता ती पन्नास वेळा घोटते. पियानोवाल्याला कॉलेजात सरावाची खोली मिळते. कंडक्टिंग म्हणजे वादकांपुढे उभं राहून हाताच्या खुणांनी त्यांना एकत्र वाजवायला लावणं. ते शिकणाऱ्याचं वाद्य मात्र साठ-सत्तर माणसांचं असतं. प्रत्येकाची वेळ वेगळी, मत वेगळं, आणि ती सगळी एका जागी जमली नाहीत तर वाद्यच नाही. या शाखेचा अभ्यासक्रम बाहेरून पाहिला तर विस्कळीत वाटतो. पियानो कशाला? गायचं कशाला? एक अख्खं सत्र ट्रॉम्बोन फुंकायला का लावतात? तासन्‌तास गप्प बसून कागद वाचण्यात कसलं शिक्षण? पण जे वाद्य हाताशी नाही त्याचा रियाज कसा करायचा, हा प्रश्न समोर ठेवला की यातला एकेक तुकडा जागेवर बसतो.

आधी नावाचा खुलासा करतो. पाश्चात्त्य संगीताच्या कॉलेजांत कंडक्टिंगच्या ढोबळ दोन वाटा असतात. एक गायकवृंदाची, दुसरी वाद्यांची. वाद्यांच्या वाटेत पुन्हा दोन फाटे आहेत. ऑर्केस्ट्रा म्हणजे तंतुवाद्यांचा मोठा ताफा आणि सोबत फुंकवाद्यं, पितळी वाद्यं, तालवाद्यं. बँड किंवा विंड आन्साम्बल म्हणजे जवळजवळ सगळी फुंकवाद्यं आणि तालवाद्यं. अमेरिकेतल्या कॉलेजांत हा दुसरा फाटा फार जोरात आहे. फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ मध्ये ईस्टमन संगीत विद्यालयात विंड आन्साम्बल उभं केलं, त्यात बहुतेक ओळींना एकेकच वादक ठेवला, आणि बँडकडे मैफलीचं गंभीर वाद्य म्हणून पाहण्याची सवय लागली.

आणि एक शंका आधीच निस्तरायला हवी, कारण ती प्रत्येक श्रोत्याच्या मनात असते. वादकांसमोर कागद आहेत, सगळे तयारीचे आहेत, मग पुढे उभं राहून हात हलवणारा माणूस हवाच कशाला? नेहमी हवाच असं नाही. मॉस्कोत १९२२ मध्ये पेर्सिम्फान्स नावाचा कंडक्टरविना चालणारा ऑर्केस्ट्रा निघाला आणि तो दहा वर्षं चालला. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून तसाच वाजवतो आहे. पण ताफा मोठा झाला की ध्वनीचा वेग आडवा येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. रंगमंचाच्या एका टोकाचा ढोल पंधरा मीटरवरच्या व्हायोलिनला पोहोचायला सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे काहीच नाही. पण बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात त्याने लिहून ठेवलेल्या वेगात वाजवली तर तिथला एकेक छोटा स्वर १३९ मिलिसेकंदांचा भरतो. म्हणजे कानावर विसंबून वाजवणारा वादक जवळपास एक तृतीयांश स्वर मागे पडला. हात मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. पूर्वी याच कामासाठी जमिनीवर काठी आपटत. फ्रान्सच्या राजदरबारातला संगीतकार जाँ-बाप्तिस्त ल्युली याने १६८७ मध्ये अशी काठी चुकून स्वतःच्या पायावर मारून घेतली, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. हलकी छडी, म्हणजे बेटन, एकोणिसाव्या शतकात रुळली. संगीतकार मेंडेलसोन १८३५ पासून लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्रासमोर ती वापरत असे.

आता वर्गात जाऊ.

पहिल्याच तासाला शिक्षक एखाद्याला उभं करतात. समोर चार वादक असतात. काम एवढंच: चौघांकडून एक स्वर एकदम वाजवून घ्यायचा. विद्यार्थी हात वर नेतो, खाली आणतो, आणि स्वर एकदम येतच नाही. एक लवकर, दोन उशिरा, चौथा तर वाजवतच नाही. विद्यार्थ्याला वाटतं, खाली आणताना हात डळमळला. खरी चूक त्याआधी झालेली असते, हात वर जाताना. वर जाणारी ती हालचाल म्हणजे तयारीची मात्रा, आणि सगळी माहिती तिच्यातच असते. हात किती वेळात वर गेला यावरून लय कळते, किती उंच गेला यावरून आवाजाचा अंदाज येतो, आणि तो झटक्यात उचलला की तरंगत, यावरून स्वर टोकदार हवा की मऊ, हे कळतं. मैफलीत गायक समेवर येतो तेव्हा तबलजी त्याची मान सम येण्याआधीच वाचत असतो. सम पडल्यावर वाचून काही उपयोग नसतो. इथेही तसंच. हात खाली पोहोचेपर्यंत वादकाचा श्वास भरून झालेला असतो, गज तारेवर टेकलेला असतो, आणि आता सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून शिक्षक छडी बाजूला ठेवायला लावतात आणि विद्यार्थ्याला म्हणतात, नुसता श्वास घे. खरोखरचा, छाती भरून, लयीत. श्वास बरोबर आला की हात आपोआप त्याच्याबरोबर वर जातो. पुढच्या खेपेला चौघं एकत्र येतात. त्या क्षणी विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी हा वर्ग पाहायला जावं असं मला वाटतं.

हाताचे ठरलेले आराखडे याच्या मानाने सोपे. बार म्हणजे मात्रांचा ठरलेला गट, आपल्या आवर्तनासारखा. दोन मात्रांच्या बारला हात खाली आणि वर. तीनला खाली, बाहेर, वर. चारला खाली, आत, बाहेर, वर. आपण तालात टाळी आणि खाली दाखवतो, तसंच हे. पहिली मात्रा सरळ खाली, म्हणजे मोजणी चुकलेल्या वादकाला आपण कुठे आहोत ते शोधता येतं. हे आराखडे आठवड्याभरात पाठ होतात. अवघड असतं ते डाव्या हाताचं स्वातंत्र्य. उजवा हात चार-चार मात्रा एकसारख्या देतोय आणि डावा हात त्याच वेळी आठ मात्रांवर सावकाश वर येतोय, आवाज वाढवायची खूण म्हणून. नवशिक्याचा डावा हात पहिल्या महिन्यात उजव्याचीच नक्कल करतो, आरशात पाहिल्यासारखी. ती मोडायला आरसाच लागतो. घरी आरशापुढे उभं राहून, तोंडाने ओळ गात, दोन्ही हात वेगवेगळे चालवायचे. कंडक्टिंगचा जो काही शारीरिक रियाज आहे तो हा.

इथे एक मोह टाळायला शिक्षक बजावून सांगतात: रेकॉर्डिंग लावून त्याच्यासोबत हात हलवायचे नाहीत. रेकॉर्डिंग तुमच्यासाठी थांबत नाही, तुमच्यामुळे बदलत नाही. त्याच्यासोबत हलणारा हात आवाजाच्या मागून जायला शिकतो, आणि वाद्यवृंदापुढे त्याला आवाजाच्या पुढे राहायचं असतं. वर्षभर रेकॉर्डिंगवर हात हलवून आलेला विद्यार्थी खऱ्या वादकांपुढे लगेच ओळखू येतो. तो त्यांच्या स्वराची वाट पाहतो, ते त्याच्या हाताची वाट पाहतात, आणि लय मिनिटागणिक मंदावत जाते.

या सगळ्याची कसोटी लावायला त्याच पाचव्या सिम्फनीचे पहिले पाच बार देतात. जगातली बहुधा सर्वांत ओळखीची सुरावट, आणि हाताळायला महाकठीण. बार दोन मात्रांचा. पहिली अर्धी मात्रा रिकामी, मग अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे तीन स्वर, आणि चौथ्या स्वरावर फर्माटा, म्हणजे हवा तेवढा वेळ धरून ठेवायची खूण. वेग असा की प्रत्येक बारला हाताचा एकच ठोका मिळतो. तुमचा ठोका पडतो तो शांततेवर, आणि वादक त्याच्या पाठीवर उडी घेऊन तीन स्वर वाजवतात. ठोका जरा जरी गुळमुळीत पडला तरी ते तीन स्वर चार होतात नाहीतर अडीच. दुसऱ्यांदा तीच सुरावट येते तेव्हा शेवटचा स्वर एका बारने लांब लिहिलेला आहे. तो लांबपणा हाताने कसा दाखवायचा? आणि पहिला फर्माटा सोडताना, सोडण्याची खूण हीच पुढच्या ठोक्याची तयारी करायची, की मध्ये श्वास ठेवायचा? दोन्ही उत्तरं थोर कंडक्टरांनी दिलेली आहेत. विद्यार्थ्याला एक निवडावं लागतं आणि का निवडलं ते सांगावं लागतं.

का, हे सांगायचं तर स्कोअर वाचता आला पाहिजे, आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथेच होतं. वादकासमोर फक्त त्याची ओळ असते. कंडक्टरच्या स्कोअरमध्ये सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक रचलेल्या: वर बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून ही फुंकवाद्यं, मग पितळी वाद्यं, मग तालवाद्यं, तळाला तंतुवाद्यं. पानावर वीस-पंचवीस ओळी असल्या तरी त्या एकदम वाचायच्या आहेत. त्यात भर म्हणजे सगळी वाद्यं लिहिल्याबरहुकूम वाजत नाहीत. पाश्चात्त्य स्वरांना अक्षरांची नावं असतात. पाचव्या सिम्फनीच्या पहिल्या पानावर क्लॅरिनेटच्या ओळीत पहिला स्वर 'ए' लिहिलेला आहे, पण ते बी-फ्लॅट क्लॅरिनेट असल्यामुळे कानावर पडतो 'जी'. एफ हॉर्नचा स्वर लिहिल्याहून पाच स्वर खाली, म्हणजे लिहिलेला षड्ज धरला तर मंद्रातल्या मध्यमावर जातो. डबल बास एक सप्तक खाली. व्हायोला तर वेगळ्याच चिन्हात लिहितात, मधल्या रेघेला 'सी' मानून. हे सगळं मनातल्या मनात उलगडत, एकही वाद्य न वाजवता, पान ऐकू आलं पाहिजे. म्हणजे अक्षरशः मनाच्या कानात ऐकू आलं पाहिजे.

एकदम कोणालाच येत नाही. म्हणून पियानो. स्कोअर वाचनाच्या तासाला आधी दोन ओळी एकत्र वाजवतात, मग व्हायोलाच्या चिन्हासकट चार, मग क्लॅरिनेट आणि हॉर्न मिळवून सहा-सात. युरोपातल्या अनेक विद्यालयांत कंडक्टिंगच्या प्रवेशालाच पियानोची चांगली परीक्षा घेतात, त्याचं कारण हे. ऑपेरागृहांत तरुण कंडक्टर गायकांना पियानोवर पाठ देत देत वर चढतो, ही जुनी वाटही त्यामागे आहे. गाण्याचंही तेच. पियानोवर स्वर आयता मिळतो, गळ्यातून काढायचा तर आधी तो डोक्यात असावा लागतो.

मग शिक्षक विचारतात: या सुरुवातीला तंतुवाद्यांबरोबर कोण आहे? बहुतेक जण छातीठोकपणे हॉर्न म्हणतात, कारण आठवणीत ती गर्जना तशीच बसलेली असते. स्कोअरमध्ये आहेत फक्त क्लॅरिनेट. मग पुढचा प्रश्न येतो, एवढ्या भयंकर सुरुवातीला बीथोव्हनने ट्रम्पेट, ढोल, हॉर्न सगळे गप्प का ठेवले? उत्तर शोधताना विद्यार्थ्याला कळतं की त्याला गडगडाट नको होता, काळोखा, घट्ट, जमिनीलगतचा आवाज हवा होता. आता हाताचा ठोका बदलतो. अर्ध्या तासापूर्वी हवेत भिरकावला जाणारा हात खाली येऊन जड होतो. स्कोअरचा अभ्यास हातात उतरतो तो असा.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या कानाला लगेच पटेल. पितळी वाद्यांचा एक लांब स्वरमेळ आहे: सा, ग, प. तिघंही ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, बरोबर वाजवताहेत, तरी मेळ खडबडीत लागतो. दोष गंधाराचा. ट्यूनरवरचा गंधार पियानोच्या हिशोबाचा असतो, आणि तो नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो. सेंट म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हा उतरलेला, नैसर्गिक. कंडक्टरला स्कोअर पाहून आधीच ठाऊक असलं पाहिजे की या क्षणी गंधार कोणाकडे आहे, समजा दुसऱ्या ट्रॉम्बोनकडे, आणि त्याला म्हणता आलं पाहिजे, किंचित खाली घ्या. तो घेतो आणि सगळा मेळ चकाकतो. 'सूर जुळत नाहीये' एवढं सांगणारा कंडक्टर त्या वादकांच्या काही कामाचा नाही. ते त्यांनाही ऐकू येत असतं.

हा कान तपासायची कॉलेजातली पद्धत मजेची आहे. शिक्षक एखाद्या वादकाला आधीच हळूच सांगून ठेवतात, बाराव्या बारात एक स्वर चुकीचा वाजव. विद्यार्थी हात देतोय, डोकं आराखड्यात अडकलंय, आणि चूक निघून जाते. मग विचारतात, कुठे होती? कोणाची? काय वाजलं, काय वाजायला हवं होतं? सुरुवातीला विद्यार्थ्याला हात चालवताना ऐकूच येत नाही, दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत. हात इतका अंगवळणी पडला पाहिजे की कान मोकळा राहील. हे यायला एखाद-दोन वर्षं जातात.

ट्रॉम्बोनचं कोडंही आता सुटलं असेल. बऱ्याच अभ्यासक्रमांत प्रत्येक गटातलं एखादं वाद्य थोडं थोडं वाजवावं लागतं. निपुण होण्यासाठी नाही; ओठ थकले की काय होतं, गज कुठे संपतो, ओबोवाल्याला हवा उरून गुदमरायला होतं म्हणजे काय, हे अंगाला कळावं म्हणून. ज्याने एकदा ट्रॉम्बोनची नळी लांबवर सरकवून पुढचा स्वर वेळेत गाठायचा प्रयत्न केलाय, तो तिथे जादा घाई करणार नाही.

एवढं करूनही खऱ्या वादकांसमोर उभं राहणं लागतंच, आणि तेच सर्वांत दुर्मीळ. दीड तासाचा वर्ग आणि आठ विद्यार्थी असले तर एकेकाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात. म्हणून कॉलेजं नाना युक्त्या करतात. वर्गातली मुलंच आपापली वाद्यं घेऊन एकमेकांसाठी बसतात. कुठे दोन पियानोवादक मिळून अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवतात. हेलसिंकीच्या सिबेलिउस अकादमीत योर्मा पानुला यांनी १९७३ ते १९९३ शिकवलं. त्यांच्या पद्धतीत मुलं खऱ्या वादकांपुढे उभी राहत आणि मग स्वतःचं व्हिडिओ चित्रण पाहत. शिक्षकाने फार बोलायची गरज उरत नसे. आपला कोपर उगाच फडफडतोय हे कोणी सांगण्यापेक्षा पाहिलेलं लवकर सुटतं. एसा-पेका सालोनेन, युक्का-पेका सारास्ते, ओस्मो व्हान्स्का हे तिथूनच निघाले. एवढ्याशा देशातून एका पिढीत इतके नामवंत कंडक्टर यावेत, याचं श्रेय त्या वर्गाला सगळेच देतात.

दुसरी युक्ती विद्यार्थी स्वतः शोधतात: दुसऱ्यांच्या तालमीत जाऊन बसायचं. झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकायला गेले. क्लाउडिओ आब्बाडो त्यांचा वर्गबंधू. थोर कंडक्टरांच्या तालमी पाहायला मिळाव्यात म्हणून हे दोघं गायकवृंदात जाऊन गायला लागले. ब्रुनो वॉल्टर आणि कारायान यांना त्यांनी असं समोरून, म्हणजे वादकांना दिसतात तसं, पाहिलं. प्रेक्षकांना कंडक्टरची पाठ दिसते. शिकायचं ते सगळं पुढच्या बाजूला असतं.

तालीम घेणं ही तर वेगळी विद्याच आहे, आणि कॉलेजांत ती उशिरा शिकवतात अशी माझी तक्रार आहे. थांबवायचं कधी? थांबवल्यावर पहिलं वाक्य काय? नवखा म्हणतो, 'चला, पुन्हा एकदा.' का, ते सांगत नाही, आणि वादक तीच चूक आणखी पक्की करून वाजवतात. जाणता आधी कोण ते सांगतो, मग जागा, मग काम: 'हॉर्न, अक्षर डी, आधीचे चार बार, जरा हलकं.' अक्षर म्हणजे तालमीच्या सोयीसाठी सगळ्यांच्या कागदांवर घातलेली खूण. अक्षर आधी आणि बार नंतर, कारण वादकाला पानावर अक्षर पटकन सापडतं आणि तिथून तो मागे मोजतो. उलट सांगितलं तर साठ माणसं बोटं नाचवत बसतात. दोन वाक्यांत सांगता येईल त्यासाठी पाच मिनिटांचं भाषण दिलं की मागच्या रांगेत फोन निघतात. शक्य ते हातानेच सांगावं, हात कमी पडला तर गाऊन दाखवावं, बोलणं सर्वांत शेवटी.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. पदवीच्या पातळीवर अमेरिकेत बहुतेक जण आपलं वाद्य मुख्य ठेवतात आणि कंडक्टिंगचे एक-दोन अभ्यासक्रम घेतात. संगीतशिक्षक होणाऱ्यांना ते सक्तीचेच असतात. मुख्य विषय म्हणून कंडक्टिंग तिथे सहसा पदव्युत्तर पातळीवर, साधारण दोन वर्षांचं. जर्मनी, ऑस्ट्रिया, फिनलंडमध्ये पदवीपासूनच घेता येतं. जागा फार थोड्या असतात. आधी चित्रफीत मागवतात, कॅमेरा वादकांच्या बाजूने, तुमच्या चेहऱ्यावर. त्यातून निवडलेल्यांना बोलावून वाद्यवृंदापुढे काही मिनिटं उभं करतात, कान तपासतात, पियानो आणि स्वतःचं वाद्य ऐकतात, एखादा स्कोअर पुढे ठेवून प्रश्न विचारतात. त्या काही मिनिटांत तुकडा बिनचूक पार पडला की नाही याला फारसं महत्त्व नसतं. एक सूचना दिल्यावर तुम्ही बदलता का, हे शिक्षक पाहत असतात.

आणि वाट न पाहता करण्यासारखं एक काम आहे: वाद्य स्वतः जमवणं. ब्रिटिश कंडक्टर सायमन रॅटल लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकत असताना त्याने विद्यार्थी गोळा करून माहलरची दुसरी सिम्फनी उभी केली. प्रचंड ऑर्केस्ट्रा, गायकवृंद, दोन एकल गायिका, शिवाय रंगमंचामागे वेगळी पितळी वाद्यं. एवढं कोणी पहिल्याच फेरीला करू नये. स्ट्राविन्स्कीचं 'शिपायाची गोष्ट' मात्र सात वादकांत होतं: व्हायोलिन, डबल बास, क्लॅरिनेट, बसून, कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि तालवाद्यं. मात्रा बार-बारला बदलतात, त्यामुळे हाताची पुरती परीक्षा होते, म्हणूनच कंडक्टिंगच्या वर्गांत ते इतकं चालतं. सात जणांना जमेल अशी एक वेळ ठरवा. प्रत्येकाची ओळ आठवडाभर आधी पोहोचवा. खोली अर्धा तास आधी उघडा, खुर्च्या अशा मांडा की सातही जणांना तुमचा हात दिसेल, स्टँड मोजून घ्या, आणि त्यांच्या कागदांवरची तालमीची खूणअक्षरं तुमच्या स्कोअरशी जुळतात का ते एकदा पाहून ठेवा.